‘आश्रमा’त श्रम आहेत!



आश्रम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पर्णकुटी, भोवती हरणे आणि झाडाखाली डोळे मिटून बसलेले ऋषी. तेथे कष्टाचे काम असेल असे वाटतच नाही. पण शब्द जरा उकलून पाहा. ‘आ’ हा उपसर्ग आणि ‘श्रम्’ हा धातू मिळून ‘आश्रम’ झाला. श्रम् म्हणजे कष्ट करणे, थकणे. आणि तप करणे हाही त्याचाच अर्थ. कष्ट आणि तप हे दोन्ही अर्थ या एकाच धातूत!

इतर भाषांनी मात्र जमीन पाहून नाव दिले. ग्रीक भाषेत ‘एरेमोस’ म्हणजे ओसाड, निर्जन. त्यावरून इंग्रजीत एकांतात राहणारा साधू तो ‘हर्मिट’ आणि त्याची जागा ‘हर्मिटेज’. पोर्तुगीज ‘एर्मिदा’ त्याच घराण्यातला. रशियन लोक म्हणतात ‘पुस्तिन’. त्याच्या मुळाशी अर्थ रिकामे, ओसाड असा. आयर्लंड तर हिरवागार, पाऊसपाण्याचा देश. तरी तेथेही वाळवंटाचाच लॅटिन शब्द लावला. ‘डायसर्ट’ या गावनावात तो आजही टिकून आहे.

पण ओसाडीत गेलेल्यालाही पोट असतेच! सुमारे सतराशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात अँटनी नावाचे साधू राहत. लोक लांबून त्यांना भाकरी आणून देत. लोकांचे हे हेलपाटे पाहून त्यांनी कुदळ, कुऱ्हाड आणि थोडे बियाणे मागवले. पाण्याजवळचा तुकडा खणून धान्य पिकवले, येणाऱ्यांसाठी भाजीही लावली. पाण्यावर येणारी जनावरे पीक तुडवीत, असेही त्यांच्या चरित्रात आहे. हे दुखणे आपल्या ओळखीचेच ना?

आपल्याकडे विनोबाजी 1938 साली वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीकाठी राहायला गेले. तेथील आश्रमात पुढे बैलांवाचून, हाताने शेती करण्याचा प्रयोग झाला. तिला नाव दिले ‘ऋषिशेती’.

तेव्हा चार बुके शिकलेला मुलगा “मातीत कशाला हात घालू?” म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. हा एक शब्द त्याला फोडून सांगा.

आणि मंडळी, ‘विश्राम’ हाही ‘श्रम्’ धातूचाच शब्द. पहाटे उठून भाकऱ्या थापून, मग खुरपणीला जाणाऱ्या घरच्या बाईला दुपारी घटकाभर तो मिळतो का, तेवढे आजच पाहा.