ले-ऑफ, कपात आणि ‘ब्रेक’: तीन शब्दांतील गल्लत

लोणी भापकरसारख्या बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील गावांत अनेक घरांना कारखान्यातील पगाराचा आधार असल्याने, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत माणसे कमी होणार असे कानावर येताच ‘ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली’ असा अर्थ सर्रास लावला जातो. भारतीय कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे वीज, कच्चा माल इत्यादींच्या अभावी कामगाराला तात्पुरते बसवून ठेवणे. त्यात नोकरीचे नाते तुटत नाही आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम मिळते. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबल्यानंतर एप्रिल 2021 मध्ये 1,419 कामगारांना आलेल्या नोटिसा ले-ऑफच्याच होत्या. नोकरी संपवणारी ती ‘कामगार कपात’, आणि तिच्यासाठी वर्षभर सलग सेवा (साधारणपणे बारा महिन्यांत 240 दिवस) झालेल्या कामगाराला किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते.

सरकारी परवानगीशिवाय कोणालाच काढता येत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. पूर्वपरवानगीची अट 1976 साली 300 कामगारांच्या कारखान्यांसाठी आली, पुढे 100 वर उतरली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेमुळे पुन्हा 300 वर गेली. परिणामी मधल्या आकाराचे कारखाने परवानगीतून सुटले, भरपाईतून नव्हे.

सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीने जुलै 2024 मध्ये जाहीर केलेली 14,000 पर्यंतची कपात पुण्याजवळच्या चाकणवर कोसळणार, अशी भीतीही अनाठायी होती, कारण ती घोषणा जर्मनीतील पदांपुरती होती.

सर्वांत मोठी गल्लत मात्र आकड्यांची आहे. कपातीचा आकडा छोटा म्हणजे झळ छोटी, असे मानले जाते. परंतु मुदतीचा करार संपून त्याचे नूतनीकरण न होणे किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणे हे कपातीच्या व्याख्येतच बसत नाही, आणि ज्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे तो कंपनीच्या हिशेबात मुळात नसतोच. 2019 च्या मंदीत सुट्या भागांच्या उत्पादकांच्या ‘ॲक्मा’ या संघटनेने सुमारे 1 लाख हंगामी कामगारांचे काम गेल्याचा अंदाज दिला होता. कारखान्याच्या दारात, करार न वाढवता काम थांबवण्याच्या या प्रकाराला ‘ब्रेक’ हा सौम्य शब्द आहे. रीतसर कपात झालेल्याला, वर्षभरात तिथे पुन्हा भरती निघाल्यास, संहितेने प्राधान्याचा हक्क दिला आहे. करार संपून ब्रेक मिळालेल्याला तो नाही.