थडगं वाचायचं कसं? वळिवड्याच्या पोलिश कबरींवरून काही गोष्टी

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, हे तुम्ही ऐकलं असेल. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेली ही माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथवर आली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या जागेत सिंधी निर्वासित वसले आणि आजचं गांधीनगर झालं. बहुतेक बराकी गेल्या. जे पोलिश लोक इथेच वारले, त्यांच्या कबरी मात्र कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

अशा जागेची नोंद करायला गेलात तर पहिला मोह साफसफाईचा होतो. तो आवरा! दगड आधी ओळखा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिड पडलं की फेस येतो आणि अक्षराची कडा त्यासोबत जाते. तारेच्या ब्रशचंही तेच. साधं पाणी, मऊ ब्रश, तेही दगड भुसभुशीत झालेला नसेल तरच. आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून पीठ किंवा खडू चोळू नका. आपल्याकडच्या पावसात पिठावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मग वाचायचं कसं? तिरक्या उजेडाने. सकाळी लवकर जा, नाहीतर बाजूने टॉर्च धरा. खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि पुसट नाव वर येतं. एका दगडाचे तीन-चार कोनांतून फोटो घ्या.

खरी गंमत पुढे आहे. मी सुरुवातीला वहीत सगळे 'एल' साधेच उतरवले. पोलिशमध्ये तिरकी रेघ असलेला 'एल' हे वेगळंच अक्षर आहे, उच्चार साधारण 'व'सारखा. अख्खी वही परत तपासावी लागली. सुरुवातीला 'एस' आणि 'पी' दिसले तर ती नावाची आद्याक्षरं समजू नका, तो 'कै.'सारखा प्रकार आहे. महिना बऱ्याचदा रोमन आकड्यांत असतो. आणि कोवाल्स्की नि कोवाल्स्का ही दोन घराणी नव्हेत, पुरुष आणि बाई एवढाच फरक. एक्सेलमध्ये आडनावावर सॉर्ट केलंत तर नवरा-बायको, भाऊ-बहीण वेगळे पडतात.

म्हणून दोन कॉलम ठेवा: 'दगडावर जसं दिसतं तसं' आणि 'मी काय वाचलं'. पहिल्यात काहीही सुधारू नका, चूक वाटली तरी. गाइड म्हणतील कशाला एवढा पसारा, पण तुमचं वाचन चुकलं तर पुढच्या माणसाला मागे जायला वाट हवी.

नाव एकदा वहीत उतरलं की ते चर्चची नोंदवही, छावणीच्या याद्या यांच्याशी ताडून बघा. वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी पुढे 'असोसिएशन ऑफ पोल्स इन इंडिया' ही संघटना काढली, आठवणींचं जाडजूड पुस्तकही केलं. त्यांच्यातल्या कुणाची आई, कुणाचं धाकटं भावंड इथे पुरलेलं असू शकतं. त्यांची नातवंडं उद्या तुमच्या यादीत आजीचं नाव शोधतील, आणि तुम्ही साधा 'एल' लिहिला असेल तर त्यांना ते सापडणार नाही.

दफनभूमीत जाण्याआधी तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी घ्या. शक्यतो पावसाळा संपल्यावर जा, गवत कापलेलं असतं.