थंडी नवी, जॅकेट जुने

जुलै उजाडला, की पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत वजनकाटा बाहेर निघतो. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या बॅगा भरायच्या असतात. विमान कंपनीने ठरवून दिलेल्या किलोंमध्ये कुकर, मसाले, औषधे आणि चादरी बसवताना सर्वांत मोठा पेच पडतो तो गरम कपड्यांचा. ज्या शहरात डिसेंबरातही पंखा लागतो, तेथील दुकानातून घेतलेले जॅकेट शिकागो किंवा मिनियापोलिसच्या उणे वीस अंशांत कितपत पुरेल, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ते जाडजूड जॅकेट बॅगेतील निम्मी जागा खाते आणि पहिल्याच हिमवर्षावात अपुरे ठरते. मग तेथील दुकानांतील दोनशे-तीनशे डॉलरच्या किमती पाहून मनात रुपयांचा गुणाकार सुरू होतो. कर्ज काढून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या गुणाकाराचे उत्तर बहुधा ‘याही वर्षी असेच भागवू’ असे निघते, आणि नेमके तेच धोक्याचे असते.

या पेचावर अमेरिकेतच एक रुळलेला उपाय आहे. तो म्हणजे ‘थ्रिफ्ट स्टोअर’, अर्थात वापरलेल्या वस्तूंची दुकाने. मराठी मनाला हा उपाय चटकन रुचत नाही. आपल्याकडे जुना कपडा बोहारणीला देऊन भांडे घेण्याची रीत आहे. तो कपडा पुढे कोण घालतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. नात्यातल्या मोठ्या भावंडाचा सदरा चालतो, पण परक्याने वापरलेला कपडा विकत घेणे कमीपणाचे वाटते. अमेरिकेत मात्र या दुकानांत प्राध्यापक आणि अभियंतेही सहज दिसतात. थंडीचे जॅकेट, डोंगरात चालण्याचे बूट, पाठपिशवी, तंबू अशा महागड्या वस्तूंसाठी तर जाणकार मंडळी आधी तेथेच डोकावतात. मात्र हा बाजार पारख मागतो. कोणती वस्तू जुनी घ्यावी आणि कोणती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, हे कळले तरच त्याचा लाभ होतो.

दानातून उभी राहिलेली दुकाने

‘गुडविल’ हे या दुकानांमधील सर्वांत परिचित नाव. १९०२ मध्ये बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने हे काम सुरू केले. सधन वस्त्यांतून जुने कपडे व सामान गोळा करायचे, गरजूंना ते दुरुस्त करण्याचे काम द्यायचे आणि विक्रीतून त्यांचे वेतन भागवायचे, अशी त्यामागची कल्पना होती. आजही ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते आणि उत्पन्नाचा उपयोग रोजगार-प्रशिक्षणासाठी करते. ‘साल्व्हेशन आर्मी’ची दुकाने व्यसनमुक्तीच्या केंद्रांना आधार देतात. म्हणजे येथे खरेदी करणारा विद्यार्थी कोणाचे उपकार घेत नाही. उलट एका सामाजिक कामाला हातभारच लावतो.

चांगल्या प्रतीच्या वस्तू येथे येतात, त्यामागे व्यावहारिक कारणेही आहेत. धर्मादाय संस्थेला दिलेल्या वस्तूंवर अमेरिकेत करसवलतीची तरतूद आहे. कपडे व घरगुती वस्तू सुस्थितीत असल्या तरच ती मिळावी, असा नियम २००६ मध्ये झाला. दुसरे कारण हौसेचे. मोठ्या उत्साहाने गिर्यारोहणाचे साहित्य घेणारे, एक-दोनदा वापरून ते माळ्यावर टाकणारे आणि घर बदलताना देऊन टाकणारे लोक तेथे पुष्कळ आहेत. म्हणूनच डोंगराजवळची शहरे किंवा विद्यापीठांची गावे येथील दुकानांत अशा वस्तू हमखास हाती लागतात. नवे दोनशे डॉलरचे जॅकेट तेथे वीस-तीस डॉलरना मिळणे नवलाचे नाही.

सह्याद्रीची सवय आणि हिमातील चूक

राजगड, हरिश्चंद्रगड पालथे घातलेल्या तरुणांना डोंगर नवा नसतो. पण सह्याद्रीत कामी येणारी एक सवय तेथे घात करू शकते. आपल्याकडे सुती टी-शर्ट सुखाचा वाटतो, कारण तो घाम शोषतो आणि उन्हात अंग थंड ठेवतो. थंड प्रदेशात हाच गुण दोष ठरतो. ओला झालेला सुती कपडा लवकर वाळत नाही, त्यातील हवा नाहीशी होते आणि तो अंगातील उष्णता वेगाने खेचून घेतो. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरायला उणे वीस अंशच लागतात असे नाही. पाऊस आणि वारा असेल, तर पाच-सात अंशांतही ते घडू शकते.

म्हणून एका जाड जॅकेटपेक्षा तीन थरांची पद्धत मानली जाते. अंगालगतचा थर घाम बाहेर टाकणारा, म्हणजे पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा. मधला थर ऊब धरणारा, म्हणजे फ्लीस, लोकरी स्वेटर किंवा पिसांचे जॅकेट. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. या तिन्ही थरांतील बहुतेक कपडे जुन्या बाजारात मिळतात. लोकरी स्वेटर आणि फ्लीस तर तेथे विपुल असतात आणि त्यांत फसण्याची शक्यताही सर्वांत कमी असते. अमेरिकेत कपड्यावर धाग्यांचे प्रमाण लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे दुकानात शिरल्यावर रंग किंवा ब्रँड पाहण्याआधी आतील पट्टी वाचावी. पट्टीवर बहुधा ‘आरएन’ या अक्षरांपुढे एक क्रमांक असतो. तो फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर शोधला, की कपड्यामागच्या कंपनीचे नाव कळते.

पारख कशी करावी?

पिसांचे जॅकेट, म्हणजे बदकांच्या किंवा हंसांच्या छातीवरील मऊ पिसांनी भरलेले, हे वजनाच्या मानाने सर्वांत उबदार. ते मुठीत दाबून सोडावे. पिसे चांगली असतील, तर जॅकेट काही क्षणांत पुन्हा फुगते. आत गोळे लागत असतील किंवा कुबट वास येत असेल, तर ते सोडून द्यावे. कप्प्यांचे शिवणकाम तपासावे. लहानसे छिद्र चिकटपट्टीने बुजवता येते, मात्र जागोजागी पिसे बाहेर येत असतील तर दुरुस्तीला अंत नसतो. शिवाय पिसे भिजली, की त्यांची ऊब जाते. त्यामुळे हिमाऐवजी सतत पाऊस पडणाऱ्या सिॲटलसारख्या शहरात कृत्रिम तंतूंचे जॅकेट अधिक सोयीचे.

पाणी अडवणारे जॅकेट उलटे करून पाहावे. गोर-टेक्ससारख्या कापडात एक अतिशय पातळ पडदा असतो. तो पाण्याचे थेंब आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. आतल्या बाजूने हा पडदा सुटून फुगे आले असतील किंवा पापुद्रे निघत असतील, तर त्यावर घरगुती उपाय नाही. शिवणींवरील पट्टी एखाद्या ठिकाणी सुटली असेल, तर ती पुन्हा चिकटवता येते. बाहेरच्या कापडावर पाणी न ठरता जिरत असेल, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. वरचा जलरोधक लेप तेवढा झिजलेला असतो. योग्य धुलाई, बेताची उष्णता आणि बाजारात मिळणारा फवारा यांनी तो बव्हंशी परत येतो. अनेक उत्तम जॅकेट केवळ या एका दोषामुळे निकामी समजून दान केली जातात. जाणकाराची खरी कमाई येथे होते.

बुटांच्या बाबतीत उलट सावधगिरी हवी. अनेक बुटांच्या तळव्यातील मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलाव्याने त्याचे रासायनिक विघटन होत राहते. बूट न वापरता खोक्यात ठेवला, तरी काही वर्षांनी तो थर ठिसूळ होतो. वरून नवाकोरा दिसणारा बूट चालता चालता तळव्यापासून सुटतो, तो यामुळेच. अंगठ्याने तळव्याची कड दाबून पाहावी. भेगा पडत असतील किंवा भुगा निघत असेल, तर घेऊ नये. शिवाय वापरलेल्या बुटाने आधीच्या मालकाच्या पावलाचा आकार घेतलेला असतो. तेव्हा काटकसर करायची, तर ती जॅकेटवर करावी आणि बूट शक्यतो नवे घ्यावेत.

तंबू आणि पाठपिशव्यांच्या आतील लेपही असाच खराब होतो. हाताला चिकट लागणारे आणि आंबूस वास येणारे कापड पुन्हा सुधारत नाही. तंबू घेण्यापूर्वी तो पूर्ण उघडून उभा करून पाहावा. एक दांडी कमी असली, तरी सौदा महागात पडतो. झोपण्याच्या पिशवीवर लिहिलेल्या तापमानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हे तापमान मोजण्याची प्रमाणित पद्धत २००० च्या दशकात युरोपात आली. त्याआधीच्या पिशव्यांवरील आकडे कंपन्यांनी आपापल्या अंदाजाने छापलेले असत. त्यातच वर्षानुवर्षे आवळून ठेवलेल्या पिशवीची ऊब कमी झालेली असते.

येथे काटकसर नको

वरील सर्व वस्तूंचे दोष डोळ्यांना दिसतात किंवा हाताला कळतात. ज्यांचे दोष दिसत नाहीत आणि ज्यांच्यावर जीव टांगलेला असतो, त्या वस्तू अनोळखी व्यक्तीकडून जुन्या घेऊ नयेत. गिर्यारोहणाचा दोर, कमरेचा हार्नेस, नायलॉनच्या पट्ट्या आणि हेल्मेट या त्या वस्तू. दोर बाहेरून धडधाकट दिसतो. पण आतील तंतू मोठ्या झटक्याने, उन्हाने किंवा मोटारीच्या बॅटरीतील आम्लाच्या संसर्गाने कमकुवत झालेले असू शकतात. दोर आणि हार्नेस न वापरता ठेवले, तरी बहुतेक उत्पादक त्यांचे कमाल आयुष्य दहा वर्षे मानतात. फोमचे हेल्मेट एक जोरदार आघात झेलण्यासाठी केलेले असते. तो आघात आधीच होऊन गेला आहे का, हे कोणी सांगू शकत नाही. विद्यापीठांच्या क्रीडा विभागात किंवा गिर्यारोहण संस्थांत हे साहित्य देखरेखीखाली मिळते. तेथून घेणे हाच शहाणपणा.

कंपन्यांनीच मांडलेला जुना बाजार

धर्मादाय दुकानांत हवी ती वस्तू हव्या त्या मापात मिळेलच, असे नाही. त्यासाठी दुसरा मार्ग आहे. सिॲटलचे लॉइड आणि मेरी अँडरसन हे गिर्यारोहक दाम्पत्य. बर्फातील कुऱ्हाड स्थानिक दुकानात फार महाग मिळत असल्याने लॉइड यांनी ती साडेतीन डॉलरना ऑस्ट्रियाहून मागवली. मग मित्रांनाही ती हवीशी झाली आणि त्यातून १९३८ मध्ये ‘आरईआय’ ही सहकारी संस्था जन्माला आली. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही कथा परकी वाटू नये. ग्राहकांनी परत केलेल्या वस्तू ही संस्था अनेक वर्षे ‘गॅरेज सेल’मध्ये विकत असे. २०१३ पर्यंत वस्तू परत करण्याला मुदतच नव्हती. त्या वर्षी ती एक वर्षावर आणली गेली. आता हीच विक्री ‘री-सप्लाय’ या नावाने चालते आणि प्रत्येक वस्तूची स्थिती आधी सांगितलेली असते.

‘पॅटागोनिया’ या कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आपल्याच जॅकेटचे छायाचित्र छापून ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी जाहिरात दिली होती. गरज नसताना नवे घेऊ नका, असलेले दुरुस्त करून वापरा, असे तिचे सांगणे होते. ‘वॉर्न वेअर’ या तिच्या उपक्रमातून २०१७ पासून वापरलेले कपडे संकेतस्थळावर विकले जातात. येथील किमती थ्रिफ्ट दुकानांपेक्षा चढ्या असतात, पण माप आणि दर्जा यांची खात्री मिळते.

कधी जावे, घरी आणल्यावर काय करावे?

ऑगस्टमध्ये पोचणाऱ्या विद्यार्थ्याने थंडीची वाट न पाहता सप्टेंबरातच दुकाने पाहावीत. पहिला गारठा पडला, की मोठ्या मापांची चांगली जॅकेट आधी संपतात. विद्यापीठांच्या गावांत मे महिन्यात, वसतिगृहे रिकामी होताना, भरपूर माल येतो. अनेक दुकानांत आठवड्यागणिक एका ठरावीक रंगाच्या चिठ्ठीवर सवलत असते. तिची चौकशी करावी. माल रोज बदलत असल्याने एकदा जाऊन काही मिळाले नाही, म्हणून निराश होऊ नये.

बहुतेक दुकाने कपडे धुऊन देत नाहीत, हे लक्षात ठेवावे. घरी आणलेला कपडा कपाटात ठेवण्यापूर्वी धुवावा. ढेकणांचा धोका टाळण्यासाठी, पट्टीवरील सूचनेनुसार उष्णता सोसणारा कपडा ड्रायरमध्ये अर्धा तास अधिक तापमानावर फिरवावा. पिसांचे जॅकेट मात्र मंद उष्णतेवर, सोबत टेनिसचे दोन-तीन स्वच्छ चेंडू टाकून वाळवावे. चेंडूंच्या माऱ्याने पिसांचे गोळे सुटतात.

आईवडिलांनी येथूनच काही पाठवायचे असेल, तर अंगालगतचे दोन थर्मल जोड, लोकरी मोजे आणि कानटोपी एवढे पुरे. विमानतळावरून घरी पोचेपर्यंतचा पहिला गारवा त्यात निभावतो आणि बॅगेतील उरलेली जागा मसाल्यांना मिळते. शिक्षण संपवून परतताना तेच जॅकेट नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला द्यावे किंवा पुन्हा त्याच दुकानात नेऊन ठेवावे. मुंबईच्या हवेत त्याचा उपयोग नाही. तेथे मात्र पुढच्या ऑक्टोबरात कोणीतरी ते मुठीत दाबून, फुगते का ते पाहत उभे असेल.