दर्या बंद, बाजार फुल्ल : हैदराबादचा मृग



आत्ता ऊन मी म्हणतंय. खळ्यावर पाय ठेवता येत नाही, बर्फ तासाभरात पाणी होतोय. पण अजून पंधरा दिवस. ३१ मे झाला, जाळी धुऊन वाळवली, होड्या वर ओढून शाकारल्या, की आपल्याकडचा माणूस एकदम रिकामा होतो. दहा महिने जो घरात सापडत नाही तो नाखवा जूनच्या पहिल्या आठवड्यात ओट्यावर बसून आभाळाकडे बघत असतो. पाऊस आज येतो, उद्या येतो करत असतो. बायका म्हणतात, पायात पायात येतो नुसता.

त्या रिकाम्या आठवड्यात गेल्या साली आमच्या सोसायटीचा एक सभासद आईला घेऊन हैदराबादला गेला. आम्ही तिघं सोबत. काम त्याचं, हौस आमची.

आईला दमा आहे. चाळीस वर्षं टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकलेली बाई. उन्हाळाभर ठीक असते. मे संपता संपता वारा फिरला, हवेत ओल आली, की तिची छाती वाजायला लागते. डॉक्टर सांगतात, हवा अचानक उतरली की दम्याचा त्रास वाढतो. त्यात पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, दारं-खिडक्या बंद, चुलीचा धूर घरातच कोंडतो. बऱ्याच घरांत हे चालू असतं. आपण "पावसाळ्याचं आहे, होईल बरं" म्हणून सोडून देतो.

कुणीतरी तिला हैदराबादच्या माशाच्या औषधाचं सांगितलं. झालं, तिने धोशाच लावला. मुलाचा विश्वास नव्हता. पण होडी वर ओढलेली, हातात वेळ, आणि आई एवढं म्हणतेय. निघालो.

रात्री मुंबईहून हुसैनसागर एक्सप्रेस धरली. सकाळी सोलापूर गेलं, मग कलबुर्गी, वाडी. बाहेर बघून जीव सुकला. जमीन तडकलेली, तळी तळाला लागलेली, मधे मधे चिखलाच्या डबक्यात माणसं गुडघाभर पाण्यात जाळं ओढत होती. आम्हाला वाटलं, एवढ्याशा पाण्यात काय मिळणार? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी बाजारात मिळालं.

दुपारी नामपल्लीला उतरलो. तारीख ७ जून. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा. या शहरातला आजवरचा सगळ्यात कडक दिवस २ जून १९६६ चा, ४५.५ अंश, म्हणजे मृगाच्या जेमतेम पाच दिवस आधीचा. तेलुगू लोक आपल्यासारखेच सूर्याच्या नक्षत्रावर दिवस मोजतात, नक्षत्राला 'कार्ते' म्हणतात. रोहिणी कार्तेत दगडी उखळही तडकतं, अशी त्यांच्यात म्हण आहे. आणि रोहिणी संपली की मृगशिरा कार्ते, म्हणजे आपला मृग.

काचीगुड्याला ज्यांच्याकडे उतरलो ते मराठीच. त्या भागात, सुलतान बाजारात, निजामाच्या काळापासून मराठी वस्ती आहे. घरातल्या काकू एका वाक्यात मृग म्हणत, दुसऱ्यात कार्ते. पावसाच्या सुरुवातीला जमिनीवर लाल मखमली किडा दिसतो, त्याला आपण मृगाचा किडा म्हणतो. तिथे तो आरुद्राचा किडा, आपल्या आर्द्रा नक्षत्राचा. किडा तोच, एक नक्षत्र पुढे सरकलेला.

त्याच संध्याकाळी वारा सुटला. आधी नुसती धूळ, मग मोठे थेंब, मग अर्धा तास झोडपून पाऊस. सकाळी उठलो तर अंगावर चादर घ्यावीशी वाटत होती. एका रात्रीत ऋतू बदलला. काकूंनी आल्याचा चहा दिला आणि म्हणाल्या, "आज घरोघर मासा. जे खात नाहीत ते हिंग-गूळ खातात. अंगातली ऊब जायला नको म्हणून."

पहाटे आम्ही दोन वाटांनी गेलो. सभासद, त्याची आई आणि आमच्यातला एक जण नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर, बाकी आम्ही दोघं रामनगरच्या मासळी बाजारात.

बाजाराचं आधी सांगतो, कारण आपला जीव तिथेच.

अशी गर्दी आम्ही दिवाळीच्या बाजारातच पाहिली होती. चिखल, पावसाची पिरपिर, आणि त्यात बायका-पोरांसकट माणसं पिशव्या घेऊन उभी. रोहू, कटला ढिगाने. कापणाऱ्यांची वेगळी रांग, त्यांचे कोयते थांबत नव्हते. आणि मोठमोठ्या टबांत जिवंत मरळ. तिकडे तिला कोर्रमेनू म्हणतात, तेलंगणाचा तो राज्य-मासा. भाव रोहू-कटल्याच्या कितीतरी वर, तरी तिच्यापुढेच जास्त माणसं. एका विक्रेत्याला विचारलं, रोज अशीच गर्दी असते का? तो हसला. "साब, आज नहीं खाया तो घर में पूछते."

समुद्राचा मासा जवळपास नव्हताच. कसा असेल? आपली बंदी १ जून ते ३१ जुलै, त्यांच्या पूर्व किनाऱ्याची १५ एप्रिल ते १४ जून. दोन्हीकडे ६१ दिवस. म्हणजे मृगाच्या दिवशी दोन्ही किनाऱ्यांचे ट्रॉलर बांधलेले आणि समुद्रापासून तीनेकशे किलोमीटर लांबच्या या शहरात वर्षातला सगळ्यात मोठा मासळीचा दिवस. आमच्यातला एक तांडेल गर्दी बघून हळूच म्हणाला, "३१ तारखेची शेवटची फेरी बर्फात ठेवली असती तर?" मग आपणच म्हणाला, "नको रे. त्या फेरीला लाट काय होती ती मला ठाऊक."

मग एवढा मासा येतो कुठून? बराचसा आंध्रच्या तळ्यांतून, कोल्लेरू-भीमावरम पट्ट्यातून. आणि बाकी तेलंगणाच्या तलावांतून, जिथे आपल्यासारख्याच मच्छीमार सोसायट्या आहेत. तिकडे पाऊस पडून तलाव भरले की ऑगस्टच्या पुढे बीज सोडतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासे काढतात. रेल्वेतून दिसली ती डबकी हीच. पाणी जितकं कमी तितका मासा एका जागी गोळा. मृग म्हणजे त्यांच्या हंगामाचा शेवटचा हात. पाऊस सुरू झाला की तलाव पसरतो, मासा पांगतो. मृगाला मासा खायची रीत ऊब-थंडीवरून पडली असेल, पण आम्हाला वाटतं त्यात तलावाचाही हिशोब आहे. वर्षातला सगळ्यात मुबलक मासा ज्या दिवसांत हाताला लागतो त्याच दिवसांत तो खायचा.

धोकाही याच दिवसांत. तापलेल्या उथळ पाण्यात प्राणवायू आधीच कमी. त्यात ढग आले की पाण्यातल्या हिरवळीला ऊन मिळत नाही, पहाटेपर्यंत उरलेला प्राणवायूही संपतो. पहिला पाऊस शहराची घाण, सांडपाणी सगळं तलावात लोटतो. मग सकाळी काठावर पांढरी पोटं तरंगतात. एका सोसायटीच्या माणसाने सांगितलं, मृगाआधी माल काढला नाही तर छातीत धडधड असते.

मरळ मात्र यातूनही वाचते. ती डोकं वर काढून हवा घेते. अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, तळं आटलं तर चिखलात शिरून बसते. म्हणूनच ती टबात जिवंत विकता येते. पावसाळ्यात तिची वीण होते आणि जोडी पिल्लांच्या थव्यावर राखण करते. राखणारी मरळ गळाला लागली की मागचा थवा दुसऱ्या माशांच्या पोटात. आपल्याकडे नदीकाठी वलगणीला, पहिल्या पाण्याबरोबर चढणारे गाभोळीचे मासे पोत्याने धरतात, तेव्हा हेच होतं. समुद्रात आपण दोन महिने थांबतो आणि मागच्या ओढ्यात मात्र गाभोळी ओरबाडतो, हे आम्हाला कधी पटलं नाही. असो.

आता आईकडे.

एक्झिबिशन ग्राउंडवर बांबूच्या रांगा. बत्तिनी कुटुंब हे औषध देतं. १८४५ सालापासून देतो असं ते सांगतात, पूर्वी जुन्या शहरात दूधबावलीला त्यांच्या घरी द्यायचे. औषधाचे पैसे घेत नाहीत. मासा मात्र आपण घ्यायचा, मत्स्यविभागाच्या काउंटरवर टोकन घेऊन. पाण्याच्या पिशवीत बोटाएवढं मरळीचं जिवंत पिल्लू मिळतं. त्याच्या तोंडात पिवळसर लगदा भरतात आणि तो मासा तुमच्या घशात सोडतात. शाकाहारी माणसाला गुळातून. तीन वर्षं लागोपाठ यायचं, शिवाय ४५ दिवसांचं पथ्य. हे औषध म्हणायचं की प्रसाद, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आता प्रसादच म्हणतात. दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. कुणी हे वाचून डॉक्टरांच्या गोळ्या आणि पंप बंद करू नका.

चार तासांनी आईचा नंबर आला. पिशवी हातात धरून ती त्या पिल्लाकडे बघत होती. "जन्मभर मासा विकला, जिवंत कधी गिळला नाही," म्हणाली. पोराचा चेहरा उतरलेला. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं. एक उबळ आली, पाणी प्यायली, आणि मग मुलालाच विचारते, "तू जेवलास का?"

त्याच हैदराबादेत, प्रगतीनगरला, आणखी एक ठिकाण आहे ज्याचा आपल्या घरांशी रोजचा संबंध आहे आणि आपल्याला पत्ता नसतो. इन्कॉइस. १९९९ साली सुरू झालेली संस्था. मासे कुठे मिळतील याचा अंदाज, उंच लाटांचा इशारा, त्सुनामीचा इशारा, हे सगळं तिथून निघतं. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा बघतो, त्यावरून मासळीचा अंदाज. ढग आले की तो दिसेनासा होतो, आणि बंदीत तर अंदाज थांबवतातच. लाटांचा इशारा मात्र बारमाही. मेमध्ये वारा नसताना अचानक किनाऱ्यावर पाणी चढतं ना, ती लाट हजारो किलोमीटर दक्षिणेला उठलेली असते. केरळात तिला 'कल्लकडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. तांडेलाची ३१ तारखेची लाट तीच असेल. बंदीत बिनयांत्रिक होडीने जाणाऱ्यांनी तरी हा इशारा बघून जावं. मोबाईलवर मराठीतून येतो.

परतताना टॅक्सीवाल्याने राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची इमारत दाखवली, अख्खी माशाच्या आकाराची. आई काचेतून बघत राहिली आणि म्हणाली, "कुठला मासा म्हणायचा हा?" टॅक्सीवाल्याला सांगता येईना. आम्हालाही.

मग काय झालं? खरं ते सांगतो. जूनमध्ये आईला बरं वाटलं. श्रावणात पाऊस लागून राहिला तेव्हा दोनदा रात्री पंप वाढवावा लागला, एकदा रिक्षा करून दवाखान्यात न्यावं लागलं. पंप तिने सोडला नव्हता म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा म्हणतो, फरक नाही. आई म्हणते, तीन वर्षं सांगितलीत ना, अजून एकच झालं. दोघांत वर्षभर हा वाद. मुलाने एक मात्र केलं, तिच्या खोलीतली ओल काढली, भिंत चुन्याने मारली आणि चूल मागच्या पडवीत नेली. यंदाचं तिकीट काढलंय. पंप पिशवीच्या वरच्या कप्प्यात.

आणि आपल्या कामाचं. रामनगरच्या त्या गर्दीत ज्यांना ताजा मासा परवडत नव्हता ती माणसं सुक्या मासळीच्या पाट्यांपुढे होती. बाजूच्या बाईने सांगितलं, या दिवशी सुकंही चालतं, मासा पोटात गेला म्हणजे झालं. आपल्याकडचा मे महिन्यातला बोंबील, जवळा, सोडे पावसाआधी वाळून तयार असतो आणि मग आपण तो गोणीत ओल धरेपर्यंत ठेवून पाडून विकतो. बंदीचे दोन महिने हातात पैसा नाही आणि माडीवर माल पडून. या वर्षी सभासद आईला घेऊन जाईल तेव्हा सोसायटीच्या सुक्या मालाचा नमुना सोबत देणार आहोत. भाव काय येतो ते बघू, मग पुढच्या साली गाडी भरायची की नाही ते ठरवू.

ज्यांना नमुना द्यायचा आहे त्यांनी २५ मेच्या आत ऑफिसात आणून द्या. प्रत्येकी किलोभर पुरे. कडकडीत वाळलेला, वाळू झटकलेला, चिठ्ठीवर नाव लिहून. दमट आला तर परत पाठवू, मग वहिनींनी आमच्यावर चिडायचं नाही.