भिंतीवरची पाटी आणि डोक्यावरची पाटी

गणपतीच्या मूर्तींची मागणी नोंदवायला आपण पेणला येता, जमिनीच्या कामासाठी कचेरीचे उंबरठे झिजवता, किंवा कोकण रेल्वेची गाडी पकडण्यासाठी रोह्याला उतरता. काम उरकेपर्यंत दुपार होते आणि पोटात कावळे ओरडू लागतात. घाटावरून आलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी एकच विचार असतो. एवढे कोकणात आलोच आहोत, तर आज चार घास मासळीचे खाऊ या. पण ते खावेत कुठे?

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या दिसतात. प्रत्येकीवर 'ताजी मासळी' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. त्यांतली खरी कोणती हे परक्या माणसाने ओळखायचे कसे? घरच्या चौघा-पाचांना घेऊन मासळीचे जेवण करायचे म्हणजे खर्च थोडाथोडका नाही. एवढे पैसे मोजून शिळा तुकडा पानात पडला, तर पैसे गेल्याचे दुःख आहेच, शिवाय दुखणेही पदरात पडते. विस्तार खात्याच्या नोकरीत या दोन तालुक्यांच्या खारजमिनी तुडवताना जे पाहिले आणि इथल्या बायाबापड्यांकडून जे शिकलो, ते आपल्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आमच्याकडे पाटीचे दोन प्रकार. एक भिंतीवरची आणि दुसरी मासळीवालीच्या डोक्यावरची. भिंतीवरची पाटी एकदा रंगवली की पाच वर्षे ताजी दिसते. डोक्यावरच्या पाटीतला माल मात्र रोज नवा लागतो. चांगली खानावळ शोधायची असेल तर या दुसऱ्या पाटीच्या मागे चाला.

आधी बाजार, मग खानावळ

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास मासळीबाजारात एक फेरी मारा. खानावळवाले तिथे येतातच. कुणी प्रत्येक माशाचे कल्ले उचलून पाहतो, घासाघीस करतो, मनाजोगते नसेल तर रिकामी पिशवी घेऊन पुढच्या पाटीकडे जातो. कुणी मात्र शेवटी उरलेला माल ढिगाने उचलतो. दुपारी कुणाकडे जेवायचे ते तिथेच ठरते.

मासळीवालीलाच विचारले तरी चालते. "मावशी, तुमची मासळी कोणाच्या खानावळीत जाते?" असे सरळ विचारा. पण तिची बोहनी व्हायच्या आधी नुसत्या चौकशा करत उभे राहू नका. घरी न्यायला पावशेर सोडे किंवा सुकट घ्या आणि मग बोला. आपली मासळी कोण नीट रांधतो आणि कोण तिची माती करतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

आणखी एक खूण. कचेरीतले शिपाई, एसटीचे चालक-वाहक आणि बाजारचे हमाल जिथे दुपारी बसतात, तिथे पाहा. ही रोजची गिऱ्हाइके असतात. एक दिवस फसली तर दुसऱ्या दिवशी येत नाहीत. महामार्गावरच्या हॉटेलाला ही धास्ती नसते, कारण त्याचे आजचे गिऱ्हाईक उद्या गोव्यात असते. सगळीच महामार्गावरची हॉटेले वाईट असे मी म्हणत नाही, पण तिथे चौकशी दुप्पट करावी.

पंचांग पाहून निघा

पेरणीला आपण नक्षत्र पाहतो, तशी मासळीला तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या माणसाचा एक सोपा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणावे, येईल त्या तासाच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरावा.

पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणून ओहोटी सकाळी सहाच्या आसपास संपते. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ मोठी. खाडीतली डोल जाळी पाण्याच्या ओढीवरच भरतात. पहाटे उपसलेली मासळी नऊ-दहापर्यंत बाजारात येते आणि दुपारी पानात पडते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. पाण्याला ओढ कमी, आणि ओहोटी संपते ती दुपारी बाराला. त्या दिवशी दुपारच्या जेवणात खाडीची ताजी मासळी मिळणे कठीण. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येपासूनचे तीन-चार दिवस धरावेत.

वारही पाहावा. सोमवार, गुरुवार आणि शनिवार इकडच्या पुष्कळ घरांत पाळले जातात, तेव्हा पाट्या हलक्या असतात. पेण हे तर गणपतीचे गाव, संकष्टीला मासळीची आशा धरू नये. रविवारी मुंबईकरांची झुंबड असते. बुधवार आणि शुक्रवार हे आपल्यासारख्यांना सोयीचे.

पेणची मासळी, रोह्याची मासळी

पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारबंदिस्तीची शेते आहेत. म्हणून पेणला मागावी ती खाडीची मासळी: कोळंबी, बोईट, शिंगाळा, चिंबोऱ्या, निवटे आणि सर्वांचा राजा जिताडा. पापलेट, सुरमई, हलवा ही समुद्राची मासळी इथे बाहेरून बर्फात येते. बर्फातली मासळी वाईट नसते. बर्फ तुटला तर मात्र वाईट. तरीही ज्या गावात जे पिकते ते तिथे खावे.

रोहे कुंडलिका नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून कोर्लईच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. रोह्याला रेवदंडा-मुरूड बाजूची समुद्राची मासळी येते, त्यामुळे तिथे बोंबील, मांदेली, बांगडा अवश्य मागावा. पण रोह्यात एक प्रश्न जास्त विचारावा: "मासळी कुठली?" गावाजवळच धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आहे. मासळी समुद्राची असेल तर प्रामाणिक खानावळवाला गाव सांगतो. उत्तर गुळमुळीत आले, किंवा माशाला औषधासारखा वास आला, तर पान बाजूला सारावे.

जिताडा ओळखावा कसा

जिताडा हाच तो मासा, ज्याला गोव्यात चोणक आणि बंगालात भेटकी म्हणतात. तो समुद्राच्या तोंडाशी अंडी घालतो. त्याची पिले भरतीबरोबर खाडीत येतात आणि बांधाच्या उघाडीतून शेतात शिरतात. पेणकडचे शेतकरी ही पिले धरून गावतळ्यात किंवा घरामागच्या तळ्यात सोडतात. गोड्या पाण्यातही तो मजेत वाढतो. मोठा खादाड मासा आहे, आपल्याच धाकट्या भावंडांना गिळायला कमी करत नाही. म्हणून लहान-मोठी पिले वेगळी ठेवावी लागतात. गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्याचीच मादी होते!

मागणी मोठी आणि माल थोडा, त्यामुळे जिताड्याच्या नावावर दुसराच मासा खपवला जातो. 'बासा' नावाच्या स्वस्त, बर्फातल्या माशाचे बिनकाट्याचे तुकडे पुष्कळदा ताटात येतात. जिताड्याला मोठे खवले असतात, पाठीला उंचवटा, कपाळाला खळगी आणि शेपटीचा पंखा गोलसर. बासाला खवलेच नसतात. शिजवण्याआधी अख्खा मासा दाखवा असे म्हणावे. निदान तुकडा कातडी आणि मधल्या काट्यासह मागावा. दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे डाळभात खाल्लेला बरा.

इटलीत खानावळीच्या यादीत गोठवलेल्या मासळीपुढे चांदणीची खूण घालतात. ती न घालता गोठवलेला मासा ताजा म्हणून विकणाऱ्यांना तिथल्या न्यायालयांनी फसवणुकीबद्दल दोषी धरले आहे. आपल्याकडच्या यादीत चांदणी नसते, म्हणून आपल्या तोंडाने विचारायचे.

डोळे, कल्ले आणि बोट

बैल घेताना आपण दात पाहतो, वांगे घेताना देठ पाहतो. माशाचे डोळे पाहावेत. ते भरदार आणि चकचकीत हवेत, खोल गेलेले किंवा दुधाळ नकोत. कल्ले लालबुंद हवेत, तपकिरी नकोत. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. कोळंबीचे डोके धडाला घट्ट असावे. चिंबोरी जिवंत आणि आकाराच्या मानाने जड असावी. कालवांची शिंपली मिटलेली असावीत.

पानात आल्यावरही परीक्षा होते. रव्याच्या जाड थराखाली आणि लालभडक मसाल्याखाली काहीही लपते. म्हणून पहिल्यांदा साधे कालवण मागवावे. ताज्या माशाची कवळी सुटते, शिळ्याचा लगदा होतो.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांबद्दल विशेष सांगायचे आहे. हे मासे बर्फाविना उन्हात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, उलट्या-जुलाब होतात. एका शिवारफेरीत आलेल्या घाटावरच्या पाहुण्यांपैकी तिघांना वाटेतल्या एका हॉटेलात असेच झाले. आणि दोष मात्र आला कोकणच्या पाण्यावर! असा मासा जिभेला चुरचुरीत, मिरीसारखा लागतो. पहिल्याच घासाला तसे वाटले तर पुढचा घास घेऊ नका, आणि त्रास झाल्यास तडक दवाखाना गाठा. लहान मुलांच्या पानाकडे अधिक लक्ष ठेवा.

भाव आधी ठरवा. पुष्कळ ठिकाणी मोठ्या माशाचा दर यादीत नसतो, आकार पाहून सांगतात. जेवण झाल्यावर वाद घालण्यापेक्षा बसण्यापूर्वी विचारावे. त्यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात काय?

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत कुणी "आजच समुद्रातून आलेले पापलेट" म्हणून वाढू लागला, तर ते कोणत्या समुद्रातून आले ते समजून घ्या. तेव्हा खाडीची मासळी मागावी, नाहीतर सुक्याचे कालवण. सोडे घातलेली वांगी, सुक्या बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी हे पावसाळ्यातले खरे जेवण. जी बाई "आज मासळी नाही, वालाची उसळ आहे, बसा" असे तोंडावर सांगते, तिची खानावळ वहीत लिहून ठेवा. मासळी असेल त्या दिवशी तिथेच यायचे.

एवढी चौकशी कशासाठी, असे कुणी म्हणेल. खारजमिनीत बांध फुटला, उघाडी मोडली की समुद्राचे पाणी शेतात शिरते आणि हातचा भात जातो. अशा वर्षी तळ्यातल्या चार जिताड्यांवर आणि खाडीतल्या दोन पाट्यांवर घर चालते. खानावळवाला बाहेरचे बर्फातले तुकडे उकळून घालू लागला, आणि गिऱ्हाइकाने न विचारता खाल्ले, तर तळेवाल्याचा जिताडा आणि मावशीची पाटी घ्यायची कुणी? आपण "मासळी कुठली?" असे विचारता, तेव्हा त्यांच्या मालाला भाव येतो.

तळे असणाऱ्या बांधवांनाही एक सूचना. जिताड्याची कृत्रिम पैदास चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ साली साधली. आता केवळ भरतीच्या पिलांवर विसंबून राहण्याचे कारण नाही. बोटुकलीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. तळ्यातले पाणी उतरल्यावर सगळा माल एकदम उपसून पडेल त्या भावाला देऊ नका. गावातल्या दोन चांगल्या खानावळींशी बोलून त्यांना लागतील तसे आठवड्याला चार मासे द्या. त्यांना ताजा माल मिळेल, तुम्हाला भाव मिळेल.

खानावळींची नावे मी मुद्दामच दिली नाहीत. आचारी बदलतो, मालक बदलतो, आणि छापलेले नाव तसेच राहते. बाजारातल्या मावशीला मात्र आजची खबर असते. जेवण मनाजोगते झाले तर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन रांधणाऱ्या बाईला तसे सांगा, आणि आणखी कोणत्या तिथीला काय मिळते तेही विचारून घ्या. पुढच्या खेपेला उपयोगी पडेल.