तिरकी रेघ पुसू नका

भोसरीतल्या बेअरिंगच्या दुकानात काउंटरमागे बसलं की लवकरच लक्षात येतं, गिऱ्हाईक नंबर छापलाय तसा क्वचितच सांगतं. एक जण फोनवर '६२०३ झेडझेड' म्हणतो, दुसरा चिठ्ठीवर '६२०३-झेडझेड' लिहून आणतो, तिसरा जुनं बेअरिंगच समोर ठेवतो आणि त्यावर '६२०३-२झेड' कोरलेलं असतं. माप एकच: भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. डेटाबेसला मात्र ही तीन वेगळी नावं.

इथली यादी डेटाबेसमध्ये घेताना नंबराला दोन रकाने दिले. पहिल्यात खोक्यावरचा नंबर जसाच्या तसा. बिलावर तोच छापायचा. दुसरा फक्त शोधासाठी: सगळी अक्षरं कॅपिटल, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढलेल्या. इंडेक्स यावर. गिऱ्हाइकाने सांगितलेला नंबरही त्याच चाळणीतून जातो. दोन्ही रकाने टेक्स्टचेच हवेत, कारण टिमकेनचा ०७१०० एक्सेलमध्ये साधा टाइप केला की पुढचं शून्य उडतं.

शेवटच्या अक्षरांचं दुखणं वेगळं. एसकेएफचं २झेड म्हणजे एनएसकेचं झेडझेड. रबरी सीलला एसकेएफ २आरएसएच लिहिते, एनएसके डीडीयू, एनटीएन एलएलयू. हे कुठल्याच नियमात बसत नाही. त्यासाठी वेगळं टेबल लागतं आणि ते जाणत्या माणसानेच भरावं लागतं.

सगळ्यात जपायची ती तिरकी रेघ. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले की त्यांना पाचाने गुणायचं, भोकाचं माप मिळतं. म्हणून ६२२२ चं भोक ११० मिलिमीटर. पण ६२/२२ चं २२ च, कारण रेघेपुढे माप थेट लिहिलेलं असतं. रेघ पुसली तर ५० मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग आणि २०० मिलिमीटरचं धूड एकाच नंबराखाली येतात. काउंटरवरच्या काकांनी यादी वाचताना पहिलं बोट इथेच ठेवलं. मग शोधाच्या रकान्यातही ती रेघ राहिली. कुणी नुसतं ६२२२ टाइप केलं तर दोन्ही बेअरिंगं मापांसकट दिसतात. निवड माणूस करतो.

तुमच्या दुकानाची यादी संगणकावर चढवणार असाल, तर कोणत्या खुणा पुसायच्या हे काउंटरवाल्याला विचारल्याशिवाय प्रोग्रामरला काम सुरू करू देऊ नका.