उत्तर देण्याआधीचे चार प्रश्न

नव्या परिचारिकेची चूक दिसताच ज्येष्ठांनी तिला चार शब्द सुनवावेत, ही रुग्णालयांतील जुनी रीत. आम्हीही तिला अपवाद नव्हतो. परिणाम मात्र उलटाच होतो. चूक थांबत नाही, ती सांगणे थांबते. यासाठी आमच्या वॉर्ड सिस्टरांनी अवलंबिलेल्या एका पद्धतीची माहिती हितचिंतकांस द्यावीशी वाटते.

'ग्रो' नावाची ही पद्धत १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये आकारास आली. एकेकाळचे मोटार-शर्यतपटू सर जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोहोचली. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स आणि विल या शब्दांच्या आद्याक्षरांचे हे नाव; आपण ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय व निर्धार म्हणू. मार्गदर्शकाने या क्रमाने प्रश्न विचारावेत, उत्तरे शिकणाऱ्याने शोधावीत, एवढेच तिचे सूत्र.

स्त्री-कक्षात एका नव्या परिचारिकेच्या पाळीत, इन्सुलिन दिल्यानंतर रुग्णांची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून त्यांना घाम व थरथर सुटल्याचे प्रकार घडले. सिस्टरांनी तिला काय साधायचे आहे ते विचारले. "माझ्या पाळीत कोणाचीही साखर अशी उतरू नये," ती म्हणाली. प्रत्यक्षात काय घडते, यावर मात्र तिच्याजवळ उत्तर नव्हते. तीन दिवस तिने इंजेक्शनची आणि ताट हाती पडण्याची वेळ लिहून ठेवली, तेव्हा उलगडा झाला. इन्सुलिन नियमाप्रमाणे जेवणाआधी अर्धा तास दिले जात होते. जेवणाची गाडीच पुरुष-कक्ष आटोपून उशिरा येत होती. गाडीचा क्रम बदलावा किंवा मधुमेही रुग्णांची ताटे आधी वेगळी आणावीत, हे पर्याय तिनेच मांडले. दुसरा निवडून, सोमवारपासून तो अमलात आणण्यासाठी स्वयंपाकघराशी बोलण्याचे तिने स्वतःकडे घेतले.

गाडीचा हा घोळ सिस्टरांनाही ठाऊक नव्हता. रागावून त्या मोकळ्या झाल्या असत्या, तर तो कोणालाच कळला नसता.

ही पद्धत दिसते तितकी सोपी नाही. "ताट आल्याचे आधी का पाहिले नाहीस?" हा प्रश्न नव्हे, प्रश्नचिन्ह लावलेले रागावणेच होय, ही सवय सुटण्यास आम्हां ज्येष्ठांना बराच काळ लागला. शिवाय रुग्णाला घेरी आली असता प्रश्न विचारीत बसायचे नसते. तेथे तातडीने ग्लुकोज आणि स्पष्ट आज्ञाच हवी. रात्रपाळीत माणसे कमी असल्याने अशा संभाषणास अद्याप सवड मिळत नाही; तूर्त ते दिवसपाळीच्या आरंभी वीस मिनिटांत उरकावे लागते.